रेड-१ मधील दोन डिस्क खरोखर जुळतात का? तपासणी, निवाडा आणि दुरुस्ती

लिनक्सवर दोन डिस्कचा मिरर (रेड-१, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर ठेवणारी जोडी, अर्थात ‘अ‍ॅरे’) सांभाळणारे बहुतेक जण /प्रॉक/एमडीस्टॅट ही फाइल उघडतात, चौकटी कंसात दोन ‘यू’ शेजारी शेजारी दिसले की निर्धास्त होतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्या दोन ‘यू’चा अर्थ इतकाच की दोन्ही डिस्क हजर आहेत आणि अ‍ॅरेने दोन्हींना कामावर ठेवले आहे. दोन्हींवरचा मजकूर शब्दशः एकच आहे, अशी ग्वाही त्यात कुठेही नाही. हजेरी आणि एकवाक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीची खात्री स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते. ती कशी करावी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फरक आढळल्यावर घाईने काय करू नये, हे येथे लिनक्सच्या एमडी (सॉफ्टवेअरने डिस्क एकत्र जोडणारी सोय) अ‍ॅरेच्या आधारे सांगतो.

१९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची मांडणी केली, तेव्हा बिघडलेली डिस्क आपण बिघडल्याचे कंट्रोलरला कळवेल हे त्यात गृहीत होते. डिस्क गप्प झाली किंवा तिने ‘हा सेक्टर वाचता येत नाही’ असे सांगितले, तर मिरर आपले काम चोख करतो. पण डिस्कने चुकीचा मजकूर बरोबर म्हणून हाती ठेवला, तर साध्या मिररला ते ओळखता येत नाही. असे प्रत्यक्षात घडते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेटअ‍ॅपच्या १५ लाख ३० हजार डिस्कची ४१ महिन्यांची नोंद तपासली असता, चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) न जुळण्याच्या चार लाखांहून अधिक घटना आढळल्या होत्या.

फरक पडतो कुठे

मिररवर लिहिलेला प्रत्येक ब्लॉक दोन वेगळ्या आज्ञांनी दोन डिस्ककडे जातो आणि त्या दोन आज्ञा एकाच क्षणी पूर्ण होत नाहीत. मधल्या काळात वीज गेली, तर एका डिस्कवर नवा मजकूर आणि दुसरीवर जुना अशी स्थिती राहते. हा फरक मात्र तितका घातक नसतो, कारण दोन्हींकडून पोच आल्याशिवाय एमडी फाइल सिस्टिमला ‘लिहून झाले’ असे कळवतच नाही; त्यामुळे त्या ब्लॉकमध्ये जुना किंवा नवा यांपैकी काहीही सापडले तरी फाइल सिस्टिमच्या जर्नलच्या (होऊ घातलेल्या बदलांच्या नोंदवहीच्या) दृष्टीने ते चालण्यासारखे असते. अट एकच की दोन्हींकडे एकच सापडले पाहिजे. म्हणून अवेळी बंद पडलेला अ‍ॅरे पुन्हा सुरू झाला की एमडी रीसिंक करतो, म्हणजे दोन्ही डिस्क पुन्हा जुळवतो, आणि तो पूर्ण होईपर्यंत अजून न जुळवलेल्या भागाचे वाचन एकाच डिस्कवरून करतो.

खरी अडचण त्या फरकांची असते जे कोणाच्याही नोंदीत नसतात. नेहमीच्या वाचनात एमडी दोन्ही डिस्क वाचून त्यांची तुलना करत नाही. ज्या डिस्ककडून लवकर मिळेल तिच्याकडून घेतो. म्हणून एखादा ब्लॉक दोन्हींवर वेगळा असेल तर तीच फाइल सकाळी एक सांगते आणि दुपारी दुसरे, आणि वापरणारा माणूस आपल्या प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसतो.

असे फरक माणसाच्या हातूनही निर्माण होतात. सुपरब्लॉक (अ‍ॅरेची माहिती असलेला भाग) डिस्कच्या शेवटी असलेल्या ०.९० किंवा १.० मेटाडेटाच्या अ‍ॅरेतील एकच डिस्क काढून, ‘फक्त फाइल बघायची आहे’ म्हणून दुसऱ्या संगणकावर माउंट करणे ही त्यातली नेहमीची चूक आहे. ती केवळ-वाचन पद्धतीने माउंट केली तरी ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आपले प्रलंबित जर्नल त्या डिस्कवर लागू करते, म्हणजे लेखन होतेच. ते टाळायचे तर ‘नोलोड’ हा पर्यायही द्यावा लागतो. ईएफआय विभाग १.० मेटाडेटाच्या मिररवर ठेवला असेल तर मदरबोर्डचे फर्मवेअर त्यातल्या एकाच डिस्कवर परस्पर लिहू शकते. त्या फर्मवेअरला मिरर ही गोष्टच ठाऊक नसते.

अ‍ॅरे उभारतानाच घ्यायची काळजी

अ‍ॅरे तयार करताना सुरुवातीचे रीसिंक वेळखाऊ वाटते, म्हणून काही जण ‘अझ्यूम-क्लीन’ हा पर्याय देऊन ते टाळतात. वापरलेल्या डिस्कवर हे मुळीच करू नये. फाइल सिस्टिम जिथे लिहील तेवढा भाग जुळेल, उरलेल्या भागात जुना कचरा वेगवेगळा राहील आणि पुढे प्रत्येक तपासणीत हजारोंचा आकडा दिसून खरा फरक त्यात बुडून जाईल.

राइट-इंटेंट बिटमॅप असणे अत्यावश्यक आहे. दुकानदार उधारी पक्क्या खात्यात चढवण्याआधी कच्च्या वहीत टिपून ठेवतो, तसाच हा प्रकार आहे: कोणत्या भागात लेखन होणार आहे याची खूण आधी केली जाते आणि ते दोन्हींकडे पोचल्यावर थोड्या वेळाने खूण पुसली जाते. वीज गेल्यावर मग अख्खी डिस्क न जुळवता केवळ खूण असलेले भाग जुळवले जातात आणि कित्येक तासांचे काम काही मिनिटांत होते. १०० जीबीपेक्षा मोठ्या अ‍ॅरेला एमडीअ‍ॅडम (एमडी सांभाळण्याची आज्ञा) हा बिटमॅप सहसा आपणहून देतो. जुन्या अ‍ॅरेला ‘ग्रो’ आज्ञेत ‘बिटमॅप इंटर्नल’ सांगून तो चालू अवस्थेतच जोडता येतो. एमडीस्टॅटमध्ये ‘बिटमॅप’ने सुरू होणारी ओळ दिसत नसेल, तर आजच जोडून घ्यावा.

डिस्कच्या वेळमर्यादेचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. घरगुती वापराच्या काही डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिट-दोन मिनिटे झटत राहतात, तर लिनक्स ३० सेकंदांनी वाट पाहणे सोडून डिस्क रीसेट करतो. परिणामी एका सेक्टरपायी चांगली चालणारी डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाण्याची वेळ येते. डिस्कला एससीटी ईआरसी (वाचन-लेखनाच्या प्रयत्नांना वेळमर्यादा घालणे) ही सोय असेल तर स्मार्टसीटीएल या आज्ञेने वाचन आणि लेखन या दोन्हींसाठी ७० हा आकडा द्यावा; हे एकक सेकंदाच्या दहाव्या भागाचे असल्यामुळे त्याचा अर्थ ७ सेकंद होतो. मग डिस्क वेळेत ‘जमत नाही’ म्हणते, एमडी तो मजकूर दुसरीवरून घेतो आणि पहिलीवर पुन्हा लिहितो, आणि पहिली गरज पडल्यास तो सेक्टर बदलून टाकते. ही सोय नसेल तर लिनक्सचीच वेळमर्यादा १८० सेकंदांपर्यंत वाढवावी. बहुतेक डिस्क वीज गेल्यावर ही नेमणूक विसरतात, तेव्हा दोन्ही गोष्टी बूट होतानाच्या स्क्रिप्टमध्ये घालाव्यात.

प्रत्येक डिस्कच्या बाहेरच्या कडेवर तिच्या सिरियल नंबरचे शेवटचे पाच-सहा अंक मार्करने लिहून ठेवावेत. एसडीए आणि एसडीबी ही नावे बूटगणिक बदलू शकतात, आणि चुकीची डिस्क उपसून काढण्याचे प्रकार बहुधा या नावांवर विसंबूनच होतात.

महिन्याची तपासणी

एमडीमध्ये तपासणीसाठी /सिस खाली त्या अ‍ॅरेच्या ‘एमडी’ फोल्डरात ‘सिंक_अ‍ॅक्शन’ नावाची फाइल असते. रूट वापरकर्ता म्हणून तिच्यात ‘चेक’ हा शब्द लिहिला की दोन्ही डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून ताडून पाहिल्या जातात. न वाचता येणारा सेक्टर आढळला तर तो दुसऱ्या डिस्कवरून सुधारला जातो. पण वाचता येऊनही न जुळणारा मजकूर आढळला तर ‘चेक’ त्याला हात लावत नाही, फक्त ‘मिसमॅच_सीएनटी’ या फाइलमधील आकडा वाढवते. हा संयम आपल्या हिताचाच आहे.

डेबियनमध्ये ही तपासणी पूर्वापार महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५७ मिनिटांनी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेतून) सुरू होत आली आहे. रेड हॅट कुळातील वितरणांत त्यासाठी ‘रेड-चेक’ नावाची साप्ताहिक स्क्रिप्ट असते. आपल्या यंत्रावर ती खरोखर चालते का, हे लॉगमध्ये पाहून घ्यावे. जो संगणक शनिवारी रात्री बंद केला जातो त्यावर ती वर्षानुवर्षे चाललेली नसते. ४ टीबीच्या डिस्कला सरासरी सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने सुमारे साडेसात तास लागतात. दिवसा काम अडत असेल तर ‘सिंक_स्पीड_मॅक्स’ कमी करावा, पण तपासणी रद्द करण्याची सवय लावून घेऊ नये.

एमडीअ‍ॅडमच्या ‘मॉनिटर’ सेवेला ई-मेलचा पत्ता द्यावा आणि ‘टेस्ट’ पर्यायाने एक चाचणी-पत्र पाठवून ते पोचल्याचे स्वतः पाहावे. त्याच्या जोडीने स्मार्टमधील (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदींमधील) ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी दर महिन्याला लिहून ठेवाव्यात: बदललेले सेक्टर, संशयित सेक्टर आणि सुधारता न आलेले सेक्टर. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा साटा केबलचा किंवा जोडणीचा असतो. अशा वेळी डिस्क बदलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आकडा शून्य नसेल तर

सर्वात जास्त नुकसान या टप्प्यावर होते, आणि तेही सद्हेतूने. आकडा दिसताच ‘सिंक_अ‍ॅक्शन’मध्ये ‘रिपेअर’ लिहावे असा सल्ला सर्रास दिला जातो. मिररच्या बाबतीत ‘रिपेअर’ म्हणजे एका डिस्कवरचा ब्लॉक घेऊन दुसरीवर उमटवणे. कोणती डिस्क खरी याचा निवाडा त्यात होत नाही; सामान्यतः क्रमाने पहिली वाचता आलेली डिस्क प्रमाण मानली जाते. तीच खोटी असेल तर उरलेली एकमेव खरी प्रत आपण आपल्या हाताने पुसतो, आणि त्यानंतर आकडा शून्य होत असल्यामुळे सगळे ठीक झाल्यासारखे वाटते.

आधी आकड्याचा अर्थ लावावा. तो ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजला जातो आणि मिररची तुलना ६४ केबीच्या तुकड्यांनी होते, म्हणून १२८ म्हणजे एक तुकडा, मग त्यातला फरक एका बाइटचा का असेना. त्या अ‍ॅरेवर स्वॅप (मेमरीतला मजकूर उतरवून ठेवण्याची जागा) असेल तर थोडाफार आकडा निरुपद्रवी असू शकतो, कारण मेमरीतले पान दोन डिस्ककडे जात असतानाच बदलले तर दोघींकडे वेगळी रूपे पोचतात. असे पान बहुधा पुढे वाचलेच जात नाही. एसएसडीवर ट्रिम केलेली (मोकळी झाल्याचे डिस्कला कळवलेली) जागाही दोन डिस्क वेगवेगळी दाखवू शकतात. पण ‘बहुधा स्वॅपच असेल’ म्हणून सोडून देणे योग्य नाही. जागा शोधून काढणे शक्य असते.

माझ्या देखरेखीखालील एका लहान कार्यालयाच्या सर्व्हरवर एका महिन्याच्या तपासणीत ३८४ हा आकडा आला. म्हणजे तीन तुकडे. स्वॅप वेगळ्या डिस्कवर होते, स्मार्टच्या सगळ्या नोंदी स्वच्छ होत्या. प्रथम संपूर्ण बॅकअप घेतला, तोही जुन्या बॅकअपवर न लिहिता वेगळ्या डिस्कवर. मग सेवा बंद करून फाइल सिस्टिम अनमाउंट केली आणि अ‍ॅरे ‘स्टॉप’ केला. एमडीअ‍ॅडमच्या ‘एक्झॅमिन’मध्ये प्रत्येक डिस्कचा ‘डेटा ऑफसेट’ दिसतो. येथे तो २,६४,१९२ सेक्टर होता. त्याला ५१२ ने गुणले की १३,५२,६६,३०४ बाइट येतात. लॉसेटअपने दोन्ही डिस्कच्या विभागांवर याच ऑफसेटपासून, ‘रीड-ओन्ली’ पर्याय आणि ‘यूज्ड डेव्ह साइझ’इतकी आकारमर्यादा देऊन, दोन लूप उपकरणे (डिस्कचा तेवढाच भाग स्वतंत्र डिस्कसारखा दाखवणारी) तयार केली. ‘रीड-ओन्ली’ विसरून चालत नाही. ही दोन लूप उपकरणे ‘सीएमपी’ला ‘एल’ पर्यायासह दिली की न जुळणाऱ्या प्रत्येक बाइटचे स्थान दशमान पद्धतीत आणि दोन्हींकडील किमती अष्टमान पद्धतीत ओळीने छापल्या जातात.

त्या यादीत तिसऱ्या ठिकाणी एका बाजूच्या रकान्यात ओळीमागून ओळी केवळ शून्य होती आणि दुसऱ्या बाजूला भरगच्च आकडे. सलग ४०९६ बाइट, एक संपूर्ण ब्लॉक. बाइटच्या स्थानातून एक वजा करून ४०९६ ने भागले की ईएक्सटी४ चा ब्लॉक क्रमांक मिळतो, मात्र फाइल सिस्टिम थेट अ‍ॅरेवर असली पाहिजे. मध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) असेल तर त्याचाही ऑफसेट वजा करावा लागतो. तो क्रमांक ‘डीबगएफएस’च्या ‘आयचेक’ला दिला की आयनोड (फाइलचा अंतर्गत क्रमांक) कळतो आणि ‘एनचेक’ला आयनोड दिला की फाइलचे नाव. पहिली दोन ठिकाणे कोणत्याच फाइलच्या मालकीची नव्हती. तिसरे मागील वर्षाच्या हिशेबाच्या झिप फाइलमध्ये होते.

एकाच जमिनीच्या उताऱ्याच्या दोन नकला वेगळ्या निघाल्या तर आपण त्यांतली अधिक नीटनेटकी निवडत नाही, मूळ दप्तर काढून पाहतो. डेटाच्या बाबतीतही असाच तिसरा साक्षीदार लागतो. येथे तो झिपमध्येच होता, कारण झिप प्रत्येक फाइलचा सीआरसी-३२ हा चेकसम सोबत बाळगते. दोन्ही लूप उपकरणे केवळ-वाचन आणि ‘नोलोड’ पर्यायांसह दोन फोल्डरांत माउंट केली, दोन्हीकडची झिप ‘अनझिप’च्या ‘टी’ पर्यायाने तपासली. पहिल्या डिस्कवरची अनुत्तीर्ण झाली, दुसरीवरची पूर्ण उत्तीर्ण. ‘रिपेअर’ लिहिले असते तर पहिली डिस्क प्रमाण धरली गेली असती आणि ते शून्यांचे पान दोन्हींकडे गेले असते.

साक्षीदार नेहमी झिपच असेल असे नाही. पीएनजी आणि जीझिप स्वतःचे चेकसम बाळगतात, गिटच्या भांडाराला ‘एफएससीके’ आहे, पोस्टग्रेसमध्ये चेकसम चालू केलेले असतील तर ‘पीजी_चेकसम्स’ आणि इनोडीबीसाठी ‘इनोचेकसम’ आहे. साध्या मजकुराच्या फाइलला यातले काही नसते. तिथे जुना बॅकअपच साक्ष देतो. एक्सएफएस वापरत असाल तर ‘नोलोड’च्या ऐवजी ‘नोरिकव्हरी’ आणि दोन प्रती एकाच वेळी माउंट होण्यासाठी ‘नोयूयूआयडी’ द्यावे.

निवाडा झाल्यावर अंमलबजावणीचे दोन मार्ग आहेत. न जुळणाऱ्या फाइल एक-दोनच असतील तर खऱ्या बाजूची प्रत बाहेर काढून ठेवावी, लूप उपकरणे मोडून अ‍ॅरे पुन्हा सुरू करावा आणि ती फाइल नव्याने लिहावी; नवे लेखन दोन्ही डिस्कवर सारखेच उमटते. त्यानंतर उरलेल्या मोकळ्या जागेसाठी ‘रिपेअर’ चालवायला हरकत नाही. एखादी डिस्क सरसकट अविश्वसनीय ठरली असेल तर तिला ‘फेल’ आणि ‘रिमूव्ह’ करून बाहेर काढावे. तीच डिस्क पुन्हा घालायची असेल तर एका सापळ्यापासून जपावे: बिटमॅप असलेल्या अ‍ॅरेत जुनी सदस्य डिस्क ‘अ‍ॅड’ केली की एमडीअ‍ॅडम तिला ओळखतो आणि मधल्या काळात बदललेले भागच तिच्यावर उतरवतो. आपल्याला नकोसा असलेला जुना फरक तसाच राहतो. म्हणून आधी ‘झिरो-सुपरब्लॉक’ने तिची ओळख पुसावी आणि मगच ‘अ‍ॅड’ करावी, म्हणजे ती पूर्ण नव्याने भरली जाते.

डिस्क बदलताना

जुनी डिस्क अजून वाचता येत असेल तर तिला आधी काढू नये. नवी डिस्क ‘अ‍ॅड’ करून ‘रिप्लेस’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे नवी पूर्ण भरेपर्यंत जुनीही कामावर राहते. आधी काढून मग भरण्याच्या पद्धतीत कित्येक तास एकच प्रत असते, आणि त्या प्रतीचा प्रत्येक सेक्टर त्याच तासांत वाचावा लागतो. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात वाचता न येणाऱ्या सेक्टरचे प्रमाण बहुधा १ वर १४ शून्ये इतक्या बिटमागे एक, म्हणजे साडेबारा टीबीमागे एक इतके दिलेले असते. प्रत्यक्षात डिस्क याहून चांगल्या वागतात, पण तो धोका विनाकारण पत्करू नये.

केबल सैल होऊन एक डिस्क बाहेर पडली आणि आठवड्याने ती परत आली, तर दोन्हींच्या ‘एक्झॅमिन’मधील ‘इव्हेंट्स’ आणि ‘अपडेट टाइम’ या ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या डिस्कचा इव्हेंट क्रमांक मागे आहे ती शिळी. पण दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दिवशी एकेकट्या चालू झाल्या असतील, तर दोन्हींवर स्वतःचे नवे लेखन असते आणि इव्हेंटचा मोठा आकडा ‘हीच खरी’ असे सांगत नाही. अशा वेळी ‘फोर्स’ वापरू नये. दोन्ही वर सांगितल्याप्रमाणे स्वतंत्रपणे वाचून, लागतील त्या फाइल दोन्हींकडून गोळा कराव्यात आणि मगच एकीला पुसावे.

साक्षीदार आतच हवा असेल तर

जिथे असा हातचा निवाडा परवडणार नाही, तिथे चेकसम साठवणीतच असलेली रचना निवडावी. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकजवळ न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवला जातो. त्यामुळे डिस्कने लेखन गिळून टाकले आणि जुनेच पान हाती दिले तरी ते पकडले जाते. वाचताना एक प्रत चुकली तर दुसरी तपासून घेतली जाते आणि चुकलेली तिथल्या तिथे सुधारली जाते. बीटीआरएफएसचा रेड-१ प्रकारही असेच करतो, फक्त ‘नोडेटाकाउ’ लावलेल्या फाइलना चेकसम नसतो, आणि डेटाबेस व व्हर्च्युअल मशीनच्या फाइलना तो पर्याय सर्रास लावला जातो, हे ध्यानात असावे. एमडी सोडायचा नसेल तर प्रत्येक डिस्क आणि मिरर यांच्यामध्ये डीएम-इंटिग्रिटीचा थर घालता येतो. चेकसम चुकला की तो थर वाचनदोष कळवतो आणि तिथून पुढे एमडीची नेहमीची दुरुस्ती लागू होते. लेखनाचा वेग त्याने बराच घटतो, हे पत्करावे लागते.

या रचनांतही न वाचलेला ब्लॉक कोणी तपासत नाही, म्हणून ‘झेडपूल स्क्रब’ किंवा ‘बीटीआरएफएस स्क्रब’ महिन्यातून एकदा चालवावे आणि ‘झेडपूल स्टेटस’मधील ‘सीकेसम’चा रकाना पाहावा. तो आकडा एकाच डिस्कसमोर वाढत असेल तर आधी तिची केबल बदलावी, ‘झेडपूल क्लिअर’ने आकडे शून्यावर आणून पुन्हा स्क्रब करावे, आणि तरीही वाढला तर ती डिस्क बदलावी. दोन्ही डिस्कसमोर सारखाच वाढत असेल तर डिस्कचा पिच्छा सोडून रॅमची मेमटेस्टने रात्रभर तपासणी करावी.